एशियन फ्युजन रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जाताना: आधी निम्मंच मागवा

अशा ठिकाणी पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चौघं होतो आणि चौघांनाही कडकडून भूक लागली होती. मेन्यूतली निम्मी नावं कळत नव्हती, म्हणून जी कळली त्यातली आठ एका दमात सांगून मोकळे झालो. दहा-बारा मिनिटांत आठच्या आठ प्लेट समोर आल्या. चार तळलेल्या, तीन त्याच गडद गोडसर सॉसमध्ये घोळवलेल्या. बांबूच्या टोपलीतल्या डंपलिंगकडे, म्हणजे मोमोसारख्या सारण भरलेल्या गोळ्यांकडे, वळेपर्यंत ती गार होऊन चिवट झाली होती, तळलेलं मऊ पडलं होतं आणि माझ्या कॉकटेलमधला बर्फ वितळून शेवटचे घोट पाणचट झाले होते. स्वयंपाकी चांगला होता, बारटेंडरही चांगला होता. चुकली होती ती आमची मागवण्याची रीत.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते. जेवढं खायचं आहे त्याच्या निम्मंच आधी मागवायचं, ते संपत आलं की उरलेलं ठरवायचं, आणि पेय प्लेटकडे बघून निवडायचं. पुढे जे सांगते आहे ते सगळं याच एका सवयीभोवती आहे.

फ्युजन म्हणजे काय, हे दोन मिनिटांत

हे जेवण अलीकडचं फॅड आहे असं वाटतं, पण पदार्थ एकमेकांत मिसळण्याचं काम फार जुनं आहे. जपानची टेंपुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा मासे, सोळाव्या शतकात तिथे आलेल्या पोर्तुगीजांच्या तळण्याच्या पद्धतीतून आली. रामेन या जपानी नूडल सूपमधले नूडल्स मूळचे चिनी. व्हिएतनामच्या बान्ह मी सँडविचचा पाव फ्रेंचांचा. १८९९ पासून जपानी लोक पेरूमध्ये स्थायिक होऊ लागले आणि तिथल्या लिंबू-मिरचीत त्यांची मासे कापण्याची कला मिसळून निक्केई नावाची एक वेगळीच पाकपद्धती तयार झाली.

आजच्या चकचकीत रेस्टॉरंटचा चेहरा ठरवला तो मुख्यतः अमेरिकेत. शेफ वोल्फगँग पक यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे ‘शिन्वा ऑन मेन’ सुरू केलं, त्यात चिनी चवी फ्रेंच तंत्राला जोडल्या होत्या. जपानी शेफ नोबू मात्सुहिसा यांनी पेरूत काम करून मग १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्समध्ये आपलं रेस्टॉरंट काढलं आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘नोबू’ उघडलं. मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट पेस्टमध्ये, मुरवून भाजलेला ब्लॅक कॉड मासा आज जगभरच्या मेन्यूंवर दिसतो, त्याला प्रसिद्धी मिळाली ती त्यांच्यामुळे.

हे सांगायचं कारण असं की मेन्यूवर ‘कोरियन टाको’ किंवा ‘मिसो बटर नूडल्स’ दिसलं तर बिचकू नका. त्यामागे कुणीतरी विचार केलेला असतो. मात्र एकाच प्लेटमध्ये वसाबी (झणझणीत हिरवी जपानी पेस्ट), नारळाचं दूध, ट्रफल तेल (सुगंधी बुरशीच्या वासाचं) आणि किमची (आंबवलेली तिखट कोरियन कोबी) अशी चार गावची पाहुणी मंडळी एकत्र बसवलेली दिसली, तर ती प्लेट मी पहिल्या भेटीत सोडून देते.

जायच्या आधी

टेबल बुक करा आणि बुक करताना तीन गोष्टी विचारून घ्या: टेबल किती वेळासाठी मिळेल, शाकाहारी पदार्थ खरोखर वेगळे शिजवतात का, आणि बारसमोरच्या किंवा स्वयंपाकाच्या काउंटरवर जागा आहे का. गर्दीच्या वेळी बऱ्याच ठिकाणी टेबल दीड-दोन तासांसाठीच देतात. दोन फेऱ्यांत जेवायचं तर हे आधी माहीत असलेलं बरं.

दोघंच असाल तर काउंटर मागा. समोर काम चालू असतं, शंका लगेच विचारता येते आणि प्लेट ओट्यावरून थेट हातात येते. चौघं असाल तर टेबलच बरं. सहाच्या वर गेलात की एकेका प्लेटमधले तीन-चार तुकडे पुरत नाहीत, मग प्रत्येक गोष्ट दोनदा मागवावी लागते.

उपाशीपोटी जाऊ नका. पहिलं कॉकटेल बहुधा पहिल्या प्लेटच्या आधी येतं आणि रिकाम्या पोटी ते फार लवकर चढतं.

मेन्यू वाचताना नावं सोडा, कृती बघा

नवख्याची दमछाक होते ती नावांमुळे. नाव विसरा आणि प्रत्येक पदार्थापुढे एकच प्रश्न विचारा: हे कच्चं आहे, वाफवलेलं आहे, तळलेलं आहे, भाजलेलं आहे की परतलेलं? मेन्यूत ते सहसा लिहिलेलं असतं, नसलं तर वेटर सांगतो. एका टेबलावर या पाचांपैकी निदान तीन कृती असल्या की जेवण कंटाळवाणं होत नाही. आमच्या त्या पहिल्या ऑर्डरमध्ये नेमकं हेच चुकलं होतं.

तरी काही शब्द येतीलच, ते ओळखीचे करून ठेवा. एडामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. दाणे दातांनी ओढून खायचे, साल टाकायची. साशिमी म्हणजे नुसते कच्च्या माशाचे काप, निगिरी म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर ठेवलेला काप, माकी म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ पानात गुंडाळलेला रोल. ताताकी बाहेरून जेमतेम शेकलेलं आणि आतून कच्चं असतं. बाओ हा वाफवलेला मऊ पांढरा पाव. ग्योझा एका बाजूने खरपूस केलेलं डंपलिंग. पोन्झू हा आंबट फळाच्या रसातला सोया सॉस, गोचुजांग ही कोरियाची आंबवलेल्या मिरचीची घट्ट चटणी, आणि तोगाराशी हा वरून भुरभुरायचा तिखट मसाला. ‘ओमाकासे’ असं लिहिलं असेल तर काय खायचं ते तुम्ही शेफवर सोपवता. पहिल्या भेटीत ते घेऊ नका. आपल्याला काय आवडतं याचा अंदाज आल्यावर त्याची खरी मजा आहे.

उमामी हा शब्दही ऐकू येईल. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला हे नाव दिलं. सोया सॉस, मिसो, शिताके मशरूम, फिश सॉस ही सगळी त्याच घराण्यातली. जिभेवर रेंगाळणारी, तोंड भरून टाकणारी ही चव आहे. सलग चार प्लेट तिच्याच आल्या तर जीभ थकते. म्हणून मध्ये काहीतरी आंबट, कच्चं, कुरकुरीत हवं: काकडीचं लोणचं, कच्च्या पपईचं थाई सॅलड, असं काही.

शाकाहारी असाल किंवा अॅलर्जी असेल तर

हा भाग घाईने वाचू नका.

या जेवणात मासा दिसत नाही तिथेही असतो. मिसो सूपचं पाणी म्हणजे दाशी, आणि दाशी बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. किमचीत फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी घालतात. भाज्या परतताना ऑयस्टर सॉस पडतो, म्हणजे शिंपल्यातल्या जिवाचा अर्क. गरम टोफूवर (सोयाच्या पनीरवर) नाचणारे पातळ गुलाबी-तपकिरी पापुद्रे हेही बोनिटोचेच. त्यामुळे ‘यात मांस आहे का?’ एवढंच विचारलं तर ‘नाही’ असं खरं उत्तर मिळूनही मासा पोटात जाऊ शकतो.

प्रश्न असा विचारा: ‘फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट, दाशी, बोनिटो, यांतलं काही आहे का? नसेल तर मशरूम किंवा कोम्बूच्या पाण्यात करून द्याल का?’ नावं घेऊन विचारलं की वेटर स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतो. मोघम विचारलं की मोघमच उत्तर मिळतं.

अॅलर्जीचं तर ऑर्डरच्या आधी सांगा. शेंगदाणे, तीळ, अंडं, कोळंबी-खेकडा, सोया आणि गहू हे इथले नेहमीचे घटक आहेत. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो; तामारी नावाचा प्रकार बहुधा गव्हाशिवाय बनतो, पण बाटली बघून खात्री करायला सांगा. तळणीचं तेल एकच असेल तर भाजीच्या टेंपुराला कोळंबीचं तेल लागतं, हेही विचारण्याजोगं.

पेयांतही हाच पेच आहे. ‘सॉवर’ कॉकटेलवरचा पांढरा मऊ फेस अनेकदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. बरेच बार त्याऐवजी छोले शिजवलेलं पाणी वापरतात, त्याचाही तसाच फेस येतो. टोमॅटोच्या तिखट-खारट कॉकटेलमध्ये वुस्टरशर सॉस पडतो आणि पारंपरिक वुस्टरशरमध्ये अँचोव्ही मासा असतो.

पहिली फेरी

चौघांना चार छोट्या प्लेट. त्यात एक थंड किंवा कच्ची, एक वाफवलेली, एक तळलेली आणि चौथी सगळ्यात अनोळखी वाटणारी. भात-नूडल्स आताच नकोत, ते पोट भरून टाकतात. वेटरला स्पष्ट सांगा, ‘आधी एवढंच आणा, बाकीचं नंतर सांगतो.’ आणि शक्य असेल तर एकेक करून आणायला सांगा. बऱ्याच ठिकाणी प्लेट तयार होईल तशी येते. सांगितलं नाही तर वाफेची टोपली आणि तळण एकाच वेळी समोर येऊन पडतं.

टोपली आली की बोलणं थांबवा आणि ती आधी खा. विशेषतः सूप डंपलिंग असतील तर. चिनी नाव शियाओ लाँग बाओ. सारणात गोठवलेल्या रश्शाची जेली मिसळलेली असते, वाफेवर ती वितळते आणि आवरणाच्या आत गरम रस्सा तयार होतो. चॉपस्टिकने वरच्या चुणीला हलकेच धरून डंपलिंग उचला आणि खोलगट चमच्यात ठेवा. कडेला दातांनी छोटं भोक पाडा. वाफ बाहेर येऊ द्या, थोडं थांबा, रस्सा चमच्यातून प्या, मग आल्याच्या बारीक काड्या आणि काळं व्हिनेगर घालून उरलेलं एका घासात. अख्खं तोंडात टाकलं तर टाळू भाजतो, आणि मधोमध टोचलं तर ज्यासाठी मागवलं तो रस्साच टोपलीत वाहून जातो.

चॉपस्टिक जमत नसतील तर काटा मागा, कुणी काही म्हणत नाही. शिकायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा की खालची काडी हलत नाही. ती अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकलेली असते. वरची काडी पेनासारखी धरायची आणि फक्त तीच हलवायची. भातात काड्या उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका. जपानमध्ये या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते. ती उलटी करून माशाची बाजू सोयात बुडवायची. भाताची बाजू बुडवली की भात सोया शोषून घेतो आणि मुटका सुटतो. गुलाबी आल्याचे काप दोन वेगवेगळ्या घासांच्या मध्ये तोंड स्वच्छ करायला असतात, सुशीवर रचायला नाहीत.

थाई पदार्थांना मात्र चॉपस्टिकचा हट्ट धरू नका. थायलंडमध्ये भाताचं जेवण चमचा आणि काट्यानेच जेवतात, काटा फक्त घास चमच्यावर ढकलायला.

कॉकटेल

कॉकटेलचा मेन्यू जेवणाच्या मेन्यूपेक्षाही गोंधळात टाकतो, कारण तिथे नाव वाचून काहीच कळत नाही. नावाखालची घटकांची ओळ वाचा. त्या ओळीत तीन गोष्टी शोधा: मूळ दारू कोणती, आंबट काय, गोड काय. लिंबू किंवा युझू (सुगंधी जपानी लिंबू) आणि साखरेचा पाक किंवा मध दिसला की ते ‘सॉवर’ कुळातलं; साधारण दोन भाग दारू आणि त्याला एक-एक भागाच्या आसपास आंबट-गोड. सोडा किंवा टॉनिक दिसलं की लांब ग्लासातलं, हलकं. नुसत्या दारू, व्हर्मुथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) आणि बिटर्स (थेंबभर घालायचा कडू अर्क) दिसले की छोटं, कडक, सावकाश प्यायचं. एवढ्या तीन कुळांत मेन्यूचा मोठा भाग बसतो.

बारटेंडरचे हात बघा, तेही हेच सांगतात. फळाचा रस असेल तर तो शेकरमध्ये जोरात हलवतो: रस आणि दारू नीट एकजीव होतात, हवा मिसळते आणि वर बारीक फेस येतो. नुसती दारू असेल तर लांब दांड्याच्या चमच्याने बर्फात गोल ढवळतो, कारण तिथे पेय नितळ आणि रेशमासारखं राहायला हवं. ग्लासात एकच मोठा चौकोनी बर्फ टाकतात तो शोभेसाठी नाही. तेवढ्याच वजनाच्या लहान तुकड्यांपेक्षा त्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून तो हळू वितळतो. चुरा बर्फातलं पेय त्याउलट लवकर पातळ होतं, ते रेंगाळत पिऊ नका.

आता जोडी. तळलेल्या प्लेटबरोबर हायबॉल घ्या, म्हणजे व्हिस्की, भरपूर बर्फ आणि सोडा. सोड्याने तोंडातला तेलकटपणा धुऊन निघतो. कच्च्या माशाबरोबर साके ही जपानी तांदळाची दारू किंवा काकडी-जिनचं काहीतरी. मिसो, गोचुजांग लावून भाजलेल्या गोष्टींबरोबर व्हिस्कीचं ढवळलेलं कॉकटेल शोभतं, कारण भाजल्याचा खरपूसपणा दोन्हीकडे असतो. लिची मार्टिनी सगळ्यांना आवडते, पण ती गोड आणि सुगंधी असल्यामुळे नाजूक प्लेटची चव झाकते. ती जेवणाच्या आधी किंवा नंतर घ्या.

तिखट प्लेटबरोबर काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त चुकतो. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आग शमत नाही. कडक दारूने आग वाढते आणि सोड्याचे बुडबुडे तिखट लागलेल्या जिभेला आणखी टोचतात. इथे नारळाच्या दुधाचं, थोडं गोड, कमी दारूचं पेय हवं. त्याचं मॉकटेल तर अधिकच चांगलं. सिचुआन मिरी वेगळी: तिने जीभ जळत नाही, झिणझिणते आणि बधिर होते, आणि त्यानंतर काही मिनिटं आंबट पेय जास्त चमकदार लागतं. माझी ही आवडती जोडी आहे.

साके मागवायची असेल तर एवढं पुरे. ती तांदळाची, साधारण १५-१६ टक्के अल्कोहोलची, म्हणजे वाइनपेक्षा थोडी कडक. तांदळाचा बाहेरचा भाग घासून काढतात. गिंजो म्हणजे घासल्यावर दाण्याचा ६० टक्के किंवा त्याहून कमी भाग उरलेला, दायगिंजो म्हणजे ५० टक्के किंवा कमी. या दोन्ही सुवासिक असतात, थंडच घ्या. गरम साके हवी असेल तर साधी जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली साके, मागा. काही ठिकाणी लाकडी चौकोनी पेटीत ग्लास ठेवून तो काठोकाठ भरून खाली सांडेपर्यंत ओततात. वेटरची चूक झाली असं समजू नका, ते मुद्दाम असतं. आधी ग्लासातलं प्या, मग पेटीतलं. कोरियाची सोजू आणि जपानची शोचू साकेहून वेगळ्या, त्या ऊर्ध्वपातन केलेल्या; शोचू सहसा जास्त कडक. उमेशू ही उमे नावाची आंबट जपानी फळं मुरवून केलेली गोड दारू, शेवटी बर्फावर सुंदर लागते.

प्रमाणाचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात एक ‘ड्रिंक’ म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६० मिली चाळीस टक्क्यांची दारू घातलेल्या कॉकटेलमध्ये जवळपास १९ ग्रॅम येतं. म्हणजे एक ग्लास दिसायला एक, हिशेबाला जवळजवळ दोन. गोडव्यामुळे हे जिभेला कळत नाही. म्हणून मी एका जेवणात दोनच घेते, दर ग्लासामागे एक मोठा ग्लास पाणी, आणि दुसरं कॉकटेल दुसऱ्या फेरीच्या प्लेट आल्यावरच. दारू न पिणाऱ्यांनी फळांच्या रसावर समाधान मानू नये. युझू, आलं, गवती चहा, थाई बेसिल, माचा (हिरव्या चहाची जपानी पूड) यांचं बिनदारूचं पेय करून द्याल का असं बारटेंडरला विचारा. तो ते मनापासून करतो.

दुसरी फेरी आणि बिल

पहिल्या चारांपैकी दोन प्लेट संपत आल्या की मेन्यू परत मागवा. आता तुम्हाला माहीत आहे की इथला सॉस गोडसर आहे की खारट, प्लेट केवढी येते, कुणाला काय आवडलं. चौघांना एक मोठी भाजलेली किंवा रश्शाची प्लेट, एक हिरवी भाजी आणि एक भात किंवा नूडल्स एवढं पुरतं. पहिल्या फेरीतली एखादी प्लेट फार आवडली असेल तर तीच पुन्हा मागवा, नवीनच हवं असं काही नाही. नूडल्स सुरकन ओढून खाल्ले तरी चालतात, जपानमध्ये तो असभ्यपणा मानत नाहीत.

गोडात माचाचं, काळ्या तिळाचं आइसक्रीम किंवा आंबा आणि चिकट भात मिळेल. चौघांत एक-दोन पुरे.

बिल आलं की कॉकटेलच्या ओळी आधी मोजा, कारण गर्दीत चूक तिथेच जास्त होते. सेवाशुल्क आधीच लावलं असेल तर वर टिप द्यायची की नाही ते त्याप्रमाणे ठरवा. उरलेलं बांधून मागा, मात्र कच्चा मासा नको. आणि घरी जायची गाडी बिलाची वाट बघतानाच बोलवा, कॉकटेल घेतलेल्या कुणीही स्टिअरिंगला हात लावायचा नाही.